डेस्कटॉपवरचे आयकॉन गायब? घाईत या चुका टाळा

कॉम्प्युटर सुरू केला, वॉलपेपर आला आणि त्यावर एकही आयकॉन नाही, की घरात कुणीतरी म्हणतंच, "व्हायरस आला." पाठोपाठ दुसरं कुणी, "आता फॉरमॅट मारावं लागणार." विंडोज १० किंवा ११ असलेल्या घरच्या मशीनवर ही दोन्ही निदानं बहुतेक वेळा चुकतात. आयकॉन दिसत नाहीत, एवढ्यावरून फाइली गेल्या असं होत नाही. फाइली खरोखर जातात त्या पुढच्या तासाभराच्या खटपटीत.

म्हणून आधी कीबोर्डवरचं विंडोजचं बटण आणि ई एकत्र दाबा. फाइल एक्सप्लोरर उघडेल. त्यात डावीकडे डेस्कटॉपवर क्लिक करा. फाइली तिथे दिसल्या तर सगळं जागच्या जागी आहे, फक्त पडद्यावर दाखवलं जात नाही. तिथेही शुकशुकाट असेल तर काहीही डिलीट, फॉरमॅट किंवा रीसेट करू नका आणि खाली वनड्राइव्ह आणि तात्पुरत्या प्रोफाइलबद्दल लिहिलंय ते नीट वाचा.

रिफ्रेशचा सपाटा

रिकाम्या जागी राइट क्लिक करून रिफ्रेश, पुन्हा रिफ्रेश, पुन्हा रिफ्रेश. आपल्याकडे हा जवळजवळ संस्कार झाला आहे. रिफ्रेशने पडद्यावरचं चित्र नव्याने काढलं जातं, त्यापलीकडे काही नाही. खरा उपाय त्याच यादीत दोन ओळी वर असतो. व्ह्यूवर माउस न्या, बाजूला दुसरी यादी उघडेल. तिच्यात 'शो डेस्कटॉप आयकॉन्स' असं लिहिलेलं दिसेल. त्यापुढची बरोबरची खूण गेली असेल तर एक क्लिक करा, सगळे आयकॉन परत येतात. लहान मुलाच्या हाती माउस गेला की ही खूण हमखास उडते. ती उडालेली असताना डेस्कटॉपवर सेव्ह केलेली फाइलही दिसत नाही. मग माणूस तीच फाइल तीनदा डाउनलोड करतो आणि आयकॉन परत आल्यावर एकाच बिलाच्या तीन प्रती रांगेत उभ्या असतात.

फक्त धिस पीसी किंवा रीसायकल बिनच नसेल तर सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, थीम्स, तिथून डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज. हवं त्यावर खूण करा, झालं.

बटण दाबून मशीन बंद करणं

आयकॉनसोबत खालचा टास्कबारही गेला असेल तर विंडोजचा एक्सप्लोरर नावाचा प्रोग्रॅम अडकला आहे किंवा बंद पडला आहे. अशा वेळी पॉवरचं बटण दाबून धरू नका. उघड्या असलेल्या फाइलीतलं काम जातं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. यादीत विंडोज एक्सप्लोरर शोधा आणि त्यावर राइट क्लिक करून रीस्टार्ट द्या. यादीत तो नसलाच तर 'रन न्यू टास्क'मध्ये इंग्रजीत एक्सप्लोरर टाइप करून एंटर मारा.

लॅपटॉप टीव्हीला जोडला होता का, तेही आठवून पाहा. कधी कधी विंडोज दुसऱ्या पडद्यावरच आयकॉन मांडून बसलेलं असतं. विंडोजचं बटण आणि पी दाबून 'पीसी स्क्रीन ओन्ली' निवडा.

वनड्राइव्ह न समजता बंद करणं

सर्वात जास्त घबराट यानेच होते. नवा लॅपटॉप सुरू करताना किंवा नंतर कधीतरी बॅकअपबद्दल विचारलं जातं, आपण न वाचता हो म्हणतो. त्यानंतर तुमचं डेस्कटॉप फोल्डर वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीच्या, फोल्डरात जातं. पुढे 'जागा संपली' असे निरोप येऊ लागतात, कारण फुकट मिळते ती फक्त ५ जीबी. वैतागून आपण बॅकअप बंद करतो आणि डेस्कटॉप ओस पडतो. फाइली गेलेल्या नसतात. त्या वनड्राइव्हच्या फोल्डरात, आतल्या डेस्कटॉप नावाच्या फोल्डरात असतात. तिथून कॉपी करून मूळ डेस्कटॉपवर आणा आणि उघडतात का ते तपासा.

याहून घातक म्हणजे जागा करायची म्हणून वेबसाइटवर जाऊन वनड्राइव्हमधल्या फाइली डिलीट करणं. दोन्हीकडे फाइल एकच असते, त्यामुळे तिकडे पुसली की इकडूनही जाते. तसं झालं असेल तर वेबसाइटवरचं रीसायकल बिन लगेच पाहा. घरगुती खात्यात तिथे ३० दिवस फाइल राहते.

तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये काम करत राहणं

आयकॉन नाहीत, वॉलपेपरही तुमचा नाही, ब्राउझरमधले पासवर्डही गेलेले, जणू नवं मशीन. अशा वेळी विंडोजने तुमचं प्रोफाइल, म्हणजे तुमच्या फाइली आणि सेटिंग्जचा कप्पा, न उघडता तात्पुरतं उघडलेलं असू शकतं. फेब्रुवारी २०२० मध्ये विंडोज १० च्या केबी४५३२६९३ या अपडेटनंतर अनेकांना हेच दिसलं होतं. त्यांच्या फाइली सी ड्राइव्हमधल्या यूजर्स फोल्डरात, नाव बदललेल्या फोल्डरात सुखरूप होत्या. इथली चूक एकच, पण महाग पडते: 'चला, निदान चालतंय तरी' म्हणून त्यात नवं काम करणं. साइन आउट केलं की तात्पुरत्या प्रोफाइलमधलं सगळं पुसलं जातं. काही सेव्ह केलंच असेल तर आधी पेन ड्राइव्हवर घ्या, मग रीस्टार्ट करा. दोन-तीनदा करूनही तेच आलं तर जाणकाराला बोलवा. यूजर्समधलं कुठलंही फोल्डर 'जास्तीचं दिसतंय' म्हणून उडवू नका.

शॉर्टकट गेला म्हणून प्रोग्रॅम पुन्हा टाकणं

आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण असेल तर तो नुसता शॉर्टकट, म्हणजे प्रोग्रॅमकडे नेणारा दुवा. १३ जानेवारी २०२३ ला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या व्हायरस रोखणाऱ्या प्रोग्रॅमच्या सदोष अपडेटने अनेक कंपन्यांच्या मशीनवरचे शॉर्टकट उडवले होते. प्रोग्रॅम मात्र जागेवर होते. स्टार्टमध्ये नाव टाइप करून प्रोग्रॅम उघडतो का बघा.

फाइल खरोखरच डिलीट झाली असेल आणि रीसायकल बिनमध्येही नसेल, तर त्याच डिस्कवर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर डाउनलोड करू नका. हरवलेल्या फाइलीच्या जागेवर ते लिहिलं जाऊ शकतं. मशीनमध्ये एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) असेल तर डिलीट झालेली जागा विंडोज स्वतःच लवकर साफ करून टाकतं, म्हणून तिथे आशा कमीच. आणि गुगलवर सापडलेल्या 'हेल्पलाइन'ला फोन करून कुणाला स्क्रीनचा ताबा देऊ नका. दिला असेल आणि पैसे गेले असतील तर तासभरही न थांबता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.