रीलोडिंग प्रेस बिघडली तर: कंपनीला फोन करण्याआधी आणि नंतर

अमेरिकेत झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्यांत नवा प्रायमर, पावडर आणि गोळी घालून घरी पुन्हा काडतुसं भरणाऱ्यांना (यालाच रीलोडिंग म्हणतात) मिळणारी एक सोय फार थोड्या छंदांत आहे. वीस वर्षं वापरलेल्या प्रेसचा, म्हणजे काडतुसं भरायच्या यंत्राचा, तुटलेला भागही कंपनी बऱ्याचदा फुकट पाठवते. मात्र कोणता भाग हवा, हे ओळखून तुम्हालाच सांगावं लागतं. “प्रेस नीट चालत नाही” एवढंच ऐकल्यावर पलीकडचा तंत्रज्ञ अंदाजाने काहीतरी पाठवतो, पार्सल यायला आठवडा जातो आणि बिघाड जिथल्या तिथे राहतो. चांगली सेवा मिळण्याचं निम्मं काम फोन उचलण्याआधीच होतं.

बिघाड दिसला की हात थांबवा आणि प्रेस रिकामी करा. नळीतले प्रायमर (पावडर पेटवणाऱ्या छोट्या टोप्या) आणि हॉपरमधली, म्हणजे वरच्या भांड्यातली पावडर आपापल्या मूळ डब्यांत परत घाला. पावडर कोणती याबद्दल जराही शंका असेल तर ती वापरू नका. बिघाड पावडरच्या मापात किंवा प्रायमर बसण्यात असेल, तर त्या बैठकीत भरलेली सगळी काडतुसं वेगळ्या डब्यात ठेवून त्यावर चिठ्ठी लावा. ती नुसती वजन करून तपासता येत नाहीत. पुंगळी आणि गोळी यांच्या वजनात जो फरक असतो, त्यात पावडरचा लहान फरक लपून जातो. गोळी उपसून आतली पावडर मोजणं हाच खात्रीचा मार्ग आहे. कंपनी भाग बदलून देईल, पण ही काडतुसं तुमच्याच जबाबदारीवर राहतात.

मग यंत्राची नेमकी ओळख पटवा. डिलन कंपनीच्या आरएल ५५०, ५५०बी आणि ५५०सी लांबून सारख्याच दिसतात, पण काही भाग एकमेकांना चालत नाहीत. आरसीबीएस कंपनीच्या जुन्या रॉक चकर आणि नंतरच्या सुप्रीमचंही तसंच आहे. पुस्तिकेतली सुट्या भागांची आकृती उघडा, तुटलेल्या भागाचा क्रमांक शोधा आणि त्याला जोडलेल्या शेजारच्या दोन-तीन भागांचे क्रमांकही लिहून ठेवा, कारण तुटण्याचं मूळ अनेकदा शेजारीच असतं. पुस्तिका हरवली असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर ती मिळते. भागाशेजारी मोजपट्टी ठेवून दोन फोटो काढा, एक जवळून आणि एक पूर्ण प्रेसचा.

वॉरंटीचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि इथे गैरसमज फार होतात. अ‍ॅरिझोनातल्या डिलनची हमी सर्वात उदार मानली जाते. ५५० आणि ७५० सारख्या यंत्रांचे यांत्रिक भाग कायम हमीत असतात आणि तुम्ही पहिले मालक नसलात तरी ती लागू होते. विजेवर चालणारे भाग आणि व्यावसायिक वापराची मोठी यंत्रं यांना मात्र मुदत असते. विस्कॉन्सिनच्या हार्टफर्डमधली ली प्रिसिजन दोन वर्षांची हमी देते. त्यानंतर चालू उत्पादनातली वस्तू तिच्या सध्याच्या किमतीच्या निम्मे पैसे भरून नव्यासारखी करून देण्याचं त्यांचं जुनं धोरण आहे. स्वस्त साधनासाठी हा व्यवहार कधी परवडतो, कधी नवीनच घेतलेलं बरं, म्हणून आधी टपालखर्च धरून हिशेब करा. इलेक्ट्रॉनिक काटा, पुंगळ्या घासायचं यंत्र, पावडर डिस्पेन्सर यांची बिलं नक्की जपा, कारण तारखेचा प्रश्न तिथेच येतो. दुसऱ्या कंपनीचा सुटा भाग लावला म्हणून हमी आपोआप बाद होत नाही. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार त्या भागामुळेच नुकसान झालं असेल तरच कंपनी त्या कारणाने नकार देऊ शकते. पण असा भाग लावला असेल तर फोनवर लपवू नका.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे भाग का तुटला. हे न शोधता नवा भाग लावला तर तोही तसाच जातो.

जुना प्रायमर काढणारी पिन सर्वात जास्त वाकते. कारणं ठरलेली आहेत. बर्डन पद्धतीच्या पुंगळीत मधोमध छिद्र नसतं, त्यामुळे पिन थेट धातूवर आदळते. टॉर्चच्या उजेडात पुंगळीच्या तोंडातून आत पाहा, मध्ये एकच छिद्र दिसलं तर ठीक. लापुआ कंपनीच्या ६.५ ग्रेंडेल काडतुसासारख्या काही पुंगळ्यांत हे छिद्र सुमारे १.५ मिलिमीटरचं असतं, नेहमीचं सुमारे २ मिलिमीटरचं. तिथे नेहमीची पिन अडकते. घासताना आत राहिलेला खडा किंवा स्टीलच्या दोन सुया, पिन धरणारा सैल पडलेला दांडा, प्रमाणाबाहेर खाली उतरवलेला दांडा ही उरलेली कारणं. लीच्या डायमधला (डाय म्हणजे पुंगळीला आकार देणारा साचा) दांडा पकडीत धरलेला असतो आणि जोर पडला की तुटण्याऐवजी वर सरकतो. तो सरकला म्हणजे डाय खराब झाली असं नाही. अडथळा काढा आणि पकड पुन्हा आवळा.

रायफलची पुंगळी डायमध्ये अडकली तर ते जवळजवळ नेहमी वंगण कमी पडल्याचं लक्षण असतं. हँडलवर लोंबकळू नका, पुंगळीची कड फाटेल आणि काम दुप्पट होईल. अशा वेळी वापरायचा संच मिळतो: प्रायमरच्या खोबणीतून भोक पाडायचं, पाव इंची २० आट्यांचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवायचा आणि बोल्ट आवळून पुंगळी बाहेर ओढायची. ड्रिल लावण्याआधी पिनचा दांडा पूर्ण वर घ्या, नाहीतर त्याचीही वाट लागते. हे जमणार नसेल तर डाय काढून कंपनीला पाठवा, बऱ्याच कंपन्या हे काम करून देतात. पुंगळीत जिवंत प्रायमर असेल तर मात्र ड्रिल लावायचं नाही आणि डाय टपालातही टाकायची नाही. आधी कंपनीला फोन करा.

पिस्तुलाच्या कार्बाइड डायमधलं कडं तडकलं की प्रत्येक पुंगळीवर एकाच जागी उभा ओरखडा उमटतो. कार्बाइड कठीण असतं तितकंच ठिसूळ. पुंगळी धरणारा शेल होल्डर त्यावर जोराने आदळत असेल तर दोघांमध्ये कागदाएवढी फट राहील अशी डाय बसवा. तंत्रज्ञ पहिला प्रश्न बहुधा हाच विचारेल.

हँडलच्या एका फेरीत सगळे टप्पे एकदम करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये प्रायमर अडकत असेल तर भाग मागवण्याआधी शेल प्लेट (पुंगळ्या धरणारी फिरती चकती) काढून खालची जागा ब्रशने साफ करा. सांडलेले पावडरचे दाणे आणि जुन्या प्रायमरची काजळी एवढ्यानेच प्रायमर पुढे नेणारी सरकपट्टी अडते. नळीच्या टोकाचं प्लास्टिक झिजतं, ते सुटं मिळतं आणि एखादं जास्तीचं घरात असावं. अडकलेल्या प्रायमरवर कधीही जोर लावू नका, नळीत खालून काही खुपसू नका.

इलेक्ट्रॉनिक काटा भरकटत असेल तर तो अर्धा तास चालू ठेवून मग तपासा. पंखा, एसीची झुळूक, शेजारचा मोबाइल, हलणारं टेबल हे सगळं दूर करा. दोन वेगवेगळी प्रमाण वजनं ठेवून दोन्ही आकडे टिपा. शून्य सरकतंय की मोजमापच चुकतंय, हे त्यावरून कळतं आणि फोनवर तेवढंच सांगितलं तरी पुरतं.

फोन कामाच्या दिवशी सकाळी करा. अ‍ॅरिझोनाच्या बहुतेक भागात घड्याळ उन्हाळ्यात पुढे नेत नाहीत, त्यामुळे न्यू जर्सीहून तिथला फरक हिवाळ्यात दोन तास आणि उन्हाळ्यात तीन तासांचा असतो. क्रम असा ठेवा: मॉडेल, भागाचा क्रमांक, कॅलिबर, नेमकं काय होतं, तुम्ही काय तपासलं. चूक तुमची असेल तर सरळ सांगा, अशा वेळीही भाग फुकट मिळाल्याची उदाहरणं कमी नाहीत. शिवाय खरं कारण कळलं तरच तंत्रज्ञ योग्य सल्ला देऊ शकतो. बोलणाऱ्याचं नाव, तारीख आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. पावडर किती घालायची हे मात्र प्रेस बनवणाऱ्याला विचारू नका, तो प्रश्न पावडर बनवणाऱ्या कंपनीचा आणि त्यांच्या छापील तक्त्यांचा.

यंत्र परत पाठवायचं ठरलं तर आत एकही प्रायमर, पावडरचा दाणा किंवा भरलेलं काडतूस राहता कामा नये. ही धोकादायक माल म्हणून नियंत्रित वस्तू आहे आणि अमेरिकी टपालाने काडतुसं पाठवायला बंदी आहे. डाय आणि शेल प्लेट वेगळ्या गुंडाळा, हँडल काढा, कंपनीने दिलेला परतीचा क्रमांक खोक्याच्या बाहेरही लिहा.

भारतात परतणाऱ्यांसाठी एक सूचना अगदी गंभीरपणे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्री येते. प्रेस किंवा डाय परवान्याशिवाय बॅगेत टाकून मुंबई विमानतळावर उतरणं म्हणजे फौजदारी गुन्हा ओढवून घेणं. अमेरिकेच्या बाजूनेही अशा साधनांच्या निर्यातीवर नियंत्रण आहे, त्यामुळे पुण्याच्या पत्त्यावर भाग पाठवा अशी विनंती कंपनीला करू नका. सामान अमेरिकेतच विका. ज्या प्रेसची हमी मालकाबरोबर संपत नाही, तिला जुनी असली तरी चांगली किंमत येते.