अपग्रेडला वीस मिनिटं, निस्तरायला आठवडा: मोठा डेटाबेस बदलताना या चुका टाळा

वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टरचा दीड टेराबाइटचा डेटाबेस आम्ही रविवारी रात्री पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या आवृत्ती 11 वरून 15 वर नेला. वीस मिनिटांत काम आटोपलं. सकाळी तर्री-पोहे खाऊन घरी जाऊन झोपलो. सोमवारी दहाला फोन आला: "भाऊ, बिल्टी काहून निघून नाही राहिली?"

बिल्टी म्हणजे मालाची पावती, तिच्याविना गाडी हलत नाही. डेटा सगळा जागेवर होता. नव्हते ते स्टॅटिस्टिक्स. कोणत्या टेबलात किती आणि कशा ओळी आहेत याचा अंदाज प्लॅनर, म्हणजे डेटा कसा शोधायचा ते ठरवणारा पोस्टग्रेसचा भाग, त्यांच्यावरूनच बांधतो, आणि आवृत्ती 18 येईपर्यंत पीजी-अपग्रेड हे पोस्टग्रेसचं आवृत्ती बदलायचं साधन ते सोबत आणतच नसे. त्यामुळे इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी) असूनही क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, अख्खं टेबल चाळत बसली होती. अपग्रेड होताच, लोकांना आत सोडण्याआधी, स्टॅटिस्टिक्स नव्यानं गोळा करणारी अ‍ॅनालाइझ ही कमांड चालवा. आम्ही ती दुपारी चालवली, तोवर गाड्या बिल्टीविना फाटकावर उभ्या.

वीस मिनिटांत कसं झालं, तेही सांगतो. आम्ही पीजी-अपग्रेडचा लिंक मोड वापरला; त्यात फाइली कॉपी होत नाहीत. जुना आणि नवा सर्व्हर त्याच फाइलींवर बसतात. नवा एकदा सुरू केला की जुन्याला पुन्हा हात लावायचा नाही. म्हणजे वेग मिळतो, परतीची वाट जाते. एक रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची चालती नक्कल, आधीच थांबवून बाजूला ठेवली तर वाट उरते, पण तीही काही तासांचीच. नव्यावर शंभर बिल्ट्या फाटल्यावर मागे फिरायचं म्हणजे त्या शंभर हातानं भरा. मागे कधीपर्यंत फिरायचं, ते मालकाकडून आधीच लिहून घ्या.

सगळ्यात दगाबाज चूक म्हणजे त्याच रात्री ऑपरेटिंग सिस्टीमही बदलणं. सेंटओएस 7 वरून नव्या लिनक्सवर गेलात की खालची जीलिबसी ही लिनक्सची मूळ लायब्ररी बदलते, आणि 2.28 पासून तिचा अक्षरं लावायचा क्रमच बदललाय. जुने इंडेक्स जुन्या क्रमानं रचलेले. एरर येत नाही. असलेला ग्राहक सापडत नाही आणि युनिक कॉलममध्ये, जिथे एक नाव एकदाच चालतं, तेच नाव दोनदा शिरतं. उपाय एकच: मजकुराचे सगळे इंडेक्स पुन्हा बांधा.

लॉजिकल रेप्लिकेशननं, म्हणजे जुन्यातले बदल नव्या सर्व्हरवर चालू ठेवून, नेत असाल तर सिक्वेन्स (पुढचा क्रमांक देणारा मोजणीदार) पुढे सरकवायला विसरू नका, नाहीतर पहिलीच एंट्री डुप्लिकेट की म्हणून अडते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर 5.7 वरून 8.0 वर जाणाऱ्यांनी कॉलमचं नाव 'रँक' किंवा 'ग्रुप्स' आहे का ते बघावं, आता ते राखीव शब्द आहेत. ग्रुप बायनं ओळींचे गट केल्यावर आपोआप लागणारा क्रमही गेला.

हे सगळं तालमीत कळतं. कालचा बॅकअप भाड्याच्या सर्व्हरवर चढवा, त्यावर अपग्रेड करा, आठवडाभराच्या खऱ्या क्वेरी चालवा. बॅकअप खरंच उघडतो का, तेही त्यातच समजतं. पोस्टग्रेस फुकट आहे, खर्च इथे आहे. टाळाटाळही स्वस्त नाही: अ‍ॅमेझॉनच्या आरडीएस या भाड्याच्या डेटाबेस सेवेवर सपोर्ट संपलेली आवृत्ती ठेवली तर प्रत्येक व्हीसीपीयूमागे (आभासी प्रोसेसरमागे) तासाला जादा आकार पडतो, आणि तिसऱ्या वर्षी तो दुप्पट होतो.

आमच्या पोस्टग्रेस 15 चा सपोर्ट नोव्हेंबर 2027 ला संपतोय. यावेळच्या कोटेशनमध्ये तालमीचा सर्व्हर पहिल्याच ओळीत टाकलाय. मालकाची सही अजून बाकी आहे.