शीतयुद्धाची सुरुवात लिहिताना या चुका टाळा

‘अमेरिका भांडवलशाही आणि रशिया साम्यवादी, म्हणून शीतयुद्ध सुरू झाले.’ विद्यार्थ्यांच्या उत्तरांत हे वाक्य मला हमखास भेटतं. ते खोटं नाही, पण त्यातून काही उलगडतही नाही. बोल्शेविक, म्हणजे रशियातले साम्यवादी क्रांतिकारक, १९१७ सालीच सत्तेवर आले होते. तरीही १९४१ ते १९४५ हे दोन्ही देश हिटलरविरुद्ध एका बाजूने लढले. विचारसरणी त्याच होत्या, मग १९४५ नंतर बदललं काय, हे सांगितल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही.

बदललं ते असं: दोघांना बांधून ठेवणारा शत्रू उरला नाही आणि युरोपच्या मध्यभागी जर्मनीच्या जागी पोकळी झाली. सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं युद्धात गेली होती. जर्मन फौजा पोलंडच्या वाटेने आल्या होत्या, त्यामुळे तिथे आपल्या मर्जीतलं सरकार हवंच, असं स्टालिनचं म्हणणं. उलट फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला, मित्रराष्ट्रांच्या परिषदेत, त्यानेच पोलंडमध्ये मुक्त निवडणुकांचं वचन दिलं होतं, आणि ते मोडलं जाताना वॉशिंग्टन पाहत होतं. एकाला जी सुरक्षितता वाटत होती, ती दुसऱ्याला विस्तारवाद वाटत होती. विचारसरणीचं काम इथे सुरू होतं: समोरच्याच्या प्रत्येक हालचालीचा सर्वात वाईट अर्थ लावायला ती मदत करते.

ग्रीसचं उदाहरण जरूर लिहा. ऑक्टोबर १९४४ मध्ये मॉस्कोत चर्चिल आणि स्टालिन यांनी ग्रीस ब्रिटनच्या प्रभावाखाली राहील असं ठरवलं होतं, आणि स्टालिनने ते बऱ्यापैकी पाळलं. तिथल्या कम्युनिस्ट बंडखोरांना मोठा आधार होता तो टिटोच्या युगोस्लाव्हियाचा. अमेरिकेला मात्र त्यात मॉस्कोचाच हात दिसला. ब्रिटनने तिथल्या सरकारला मदतीचा खर्च झेपत नाही असं कळवल्यावर १२ मार्च १९४७ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी संसदेकडे ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी ४० कोटी डॉलर मागितले. सगळा दोष एकाच राजधानीच्या माथी मारणारं उत्तर इथे अडखळतं.

यापेक्षा मोठी चूक मार्शल योजनेबाबत, म्हणजे युद्धाने मोडलेल्या युरोपला उभं करण्यासाठीच्या अमेरिकी आर्थिक मदतीबाबत होते. ‘ती फक्त पश्चिम युरोपसाठी होती’ असं लिहू नका. ५ जून १९४७ च्या प्रस्तावाचं दार सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपलाही उघडं होतं. सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव मोठं पथक घेऊन पॅरिसला आलेही. पण मदत हवी तर आपल्या अर्थव्यवस्थेचे आकडे सर्वांसमोर मांडायचे आणि संयुक्त आराखडा करायचा, हे मॉस्कोला मान्य होणं शक्य नव्हतं. मोलोटोव २ जुलैला उठून गेले. चेकोस्लोव्हाकियाने आधी होकार दिला होता. त्यांच्या नेत्यांना मॉस्कोला बोलावण्यात आलं आणि होकार मागे घेतला गेला. शीतयुद्धाचा एकच क्षण निवडायचा झाला, तर मी हा उन्हाळा निवडेन. तोवर सरमिसळ शक्य होती, त्यानंतर रेषा आखली गेली.

सप्टेंबरमध्ये कॉमिनफॉर्म, म्हणजे युरोपातल्या कम्युनिस्ट पक्षांची मॉस्कोच्या पुढाकाराने झालेली संघटना, स्थापन झालं आणि सोव्हिएत नेते झ्दानोव यांनी जग दोन छावण्यांत विभागल्याचं जाहीर केलं. त्याचे पडसाद आपल्याकडेही उमटले. १९४८ च्या सुरुवातीला कलकत्त्याच्या अधिवेशनात भारतीय कम्युनिस्ट पक्षाने पी. सी. जोशींना बाजूला सारून बी. टी. रणदिवे यांना सरचिटणीस केलं, आणि पक्ष नेहरू सरकारविरुद्ध उघड संघर्षाकडे वळला.

आता क्रमाच्या चुका. बर्लिनची नाकेबंदी आणि बर्लिनची भिंत या वेगळ्या गोष्टी आहेत. जर्मनीच्या पश्चिमेकडच्या, अमेरिका-ब्रिटन-फ्रान्सच्या ताब्यातल्या विभागांत नवं चलन आल्यावर २४ जून १९४८ ला पश्चिम बर्लिनची सोव्हिएत नाकेबंदी सुरू झाली, ती १२ मे १९४९ पर्यंत चालली. भिंत उभी राहू लागली ऑगस्ट १९६१ मध्ये. हा पेच समजत नसेल तर नकाशा काढा: बर्लिन शहर सोव्हिएत विभागाच्या पोटात होतं, म्हणूनच रस्ते आणि रेल्वे अडवता आली. याल्टामध्ये जर्मनीचे दोन देश झाले नाहीत. ठरले ते ताब्याचे विभाग. दोन देश १९४९ मध्ये झाले. युरोपच्या फाळणीला ‘पोलादी पडदा’ म्हणताना, मार्च १९४६ मध्ये, चर्चिल पंतप्रधान नव्हते. आणि नाटो ही पाश्चात्त्य लष्करी आघाडी १९४९ ची, वॉर्सा करार ही सोव्हिएत गटाची आघाडी १९५५ ची, पश्चिम जर्मनी नाटोत गेल्यावरची.

शेवटची चूक म्हणजे ‘लोकशाही विरुद्ध हुकूमशाही’ अशी सरळ विभागणी. नाटोच्या १२ संस्थापक देशांत हुकूमशहा सालाझारचा पोर्तुगाल होता. त्याच पोर्तुगालच्या राजवटीने १८ जून १९४६ रोजी मडगावात, नागरी स्वातंत्र्यासाठी भाषण करायला उभे राहिलेल्या राम मनोहर लोहियांना अटक केली होती.