अकरावीच्या पोरांना डॉक्टर बात्यानींची गोष्ट कशी सांगायची

मिरजेत चर्चच्या युवा ग्रुपला मी हंगेरीचे डोळ्यांचे डॉक्टर बात्यानी यांच्यावरचं हे सेशन चार-पाच वेळा घेतलंय. पहिलं साफ फसलं, कारण जन्म, शिक्षण, लग्न, मृत्यू असं ओळीनं वाचत बसलो, वर 34 स्लाइड, आणि बाराव्या स्लाइडला लाइट गेली तेव्हा पोरांनी चक्क टाळ्या वाजवल्या. सांगली, कुपवाड, कुठंही कुणाला घ्यायचं असेल तर माझ्या चुकांवरून सांगतो.

सुरुवात बटर पेपरनं करा. प्रत्येकाला एक तुकडा द्या, डोळ्यासमोर धरून वहीतल्या चार ओळी वाचायला लावा. वैतागले की सांगा, मोतीबिंदू साधारण असाच दिसतो, आणि हा माणूस आयुष्यभर लोकांच्या डोळ्यावरचा हा कागद काढत बसला. मग विचारा, आजी-आजोबांचा जुना जाड भिंगाचा चष्मा कुणी बघितलाय? तेव्हा ढगाळलेलं भिंग काढून टाकायचे पण आत नवीन बसवायला नव्हतंच, ते आलं 1949 नंतर, म्हणून ऑपरेशननंतर जन्मभर तो जाड चष्मा. नीटच्या क्लासला जाणारी पोरं इथं हमखास सरळ बसतात. त्यांना अजून एक द्या: डोळ्यात कोकेनचे थेंब टाकून जागा बधिर करायची पद्धत कार्ल कोलर यांनी 1884 ला व्हिएन्नात काढली, आणि आपले डॉक्टर 1900 साली त्याच व्हिएन्नातून पास झाले.

आता माणूस कोण ते. लाडिस्लाउस बात्यानी-स्ट्राटमान, जन्म 1870, हंगेरीचे, मोठ्या सरदार घराण्यातले. सांगली-मिरजेत हे समजावणं सोपं, पटवर्धनांची संस्थानं सगळ्यांना माहीत आहेत, तसल्या वाड्यातला पोरगा स्वतः दवाखान्यात गाऊन घालून उभा राहतो असं डोळ्यासमोर आणा म्हणायचं. 1902 ला त्यांनी किट्सीला 25 खाटांचा दवाखाना काढला. आधी सगळेच पेशंट बघायचे, मग सर्जरी, मग डोळे. पहिल्या महायुद्धात तिथंच 120 जखमी सैनिकांची सोय केली. 1915 ला काकांकडून प्रिन्स ही पदवी आणि क्योरमेंडचा वाडा आला, 1920 ला तिकडं राहायला गेले तर वाड्याचा एक भाग डोळ्यांचा दवाखाना करून टाकला.

नकाशा फळ्यावर काढाच, नाहीतर गोंधळ होतो. किट्सी तेव्हा हंगेरीत, 1921 पासून ऑस्ट्रियात. आपल्याकडं बेळगाव-विजापूरचे पेशंट मिरजेला येतात ते आठवून दिलं की पोरांना सीमेवरचा दवाखाना लगेच कळतो.

एक पोरगं हमखास विचारणार, म्हणजे आपल्या वानलेस हॉस्पिटलसारखं का? तयार राहा. ते 1894 ला डॉ. विल्यम वानलेस यांनी सुरू केलं, ते कॅनडाचे, प्रेस्बिटेरियन मिशनचे. बात्यानी कॅथलिक आणि कुठल्या मिशनचे नव्हते, बायकोमुलांचे संसारी गृहस्थ. 13 मुलं! (हे ऐकून हसतात, हसू द्या.)

फीचा भाग मात्र घाईनं उरकू नका. गरीब पेशंटनं फी विचारली की ते म्हणायचे, माझ्यासाठी एकदा 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना म्हणा, झालं. शिवाय औषधाचे पैसेही बऱ्याचदा स्वतःच द्यायचे.

तरुणांचं शिक्षण म्हणून वेगळं लेक्चर नको. घरात ते रोज मिस्सानंतर (कॅथलिकांची उपासना) मुलांना धर्मशिक्षण द्यायचे आणि प्रत्येकाला त्या दिवसाचं एक ठोस चांगलं काम नेमून द्यायचे. हेच करा, चिठ्ठ्या काढा. पण 'सगळ्यांवर प्रेम करा' असल्या चिठ्ठ्या नकोत, 'सिव्हिलच्या केसपेपरच्या लाइनीत एका म्हाताऱ्याचा फॉर्म भरून दे' अशी पाहिजे, म्हणजे पुढच्या रविवारी केलं का विचारता येतं.

एक गोष्ट आवाज न चढवता सांगा. थोरला मुलगा एड्यन 1921 ला अपेंडिक्सच्या दुखण्यानं गेला, 21 वर्षांचा. सर्जनच्या घरात. त्यावर काही बोलू नका, थोडं गप्प राहा. स्वतः डॉक्टर 1931 ला व्हिएन्नात कॅन्सरनं गेले. 23 मार्च 2003 ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) जाहीर केलं, संत नव्हे, हे नीट सांगा नाहीतर आमच्या इथल्या एक मावशी लगेच उठून दुरुस्त करतात.

शेवटची 10 मिनिटं मोकळी ठेवा कारण खरा प्रश्न तेव्हाच येतो: फी नाही तर दवाखाना चालला कशावर? सरळ सांगा, इस्टेटीवर. मग कोणीतरी म्हणतंच, सर मग आम्ही लोन काढून एमबीबीएस केलं तर कसं जमायचं, आणि दोन पार्ट्या पडतात. मी मध्ये पडत नाही. फक्त वडापाव त्याआधी वाटू नका, प्लेट हातात आली की कुणी बोलत नाही.