दुपारी मान टाकलेली वेल आणि हातातली झारी: सरत्या उन्हाळ्यात या चुका टाळा

दुपारी दोनच्या सुमारास भोपळ्याच्या वेलीकडे बघितलं की पोटात कालवतं. सकाळी छत्रीसारखी ताठ असलेली पानं देठापासून लोंबत असतात आणि सगळी वेल संपल्यासारखी दिसते. आपण धावत जाऊन झारी रिकामी करतो. संध्याकाळी पानं पुन्हा उभी राहतात आणि वाटतं, चला, वाचली. पण पाणी घातलं नसतं तरी ती उभी राहिलीच असती.

भर उन्हात मोठ्या पानांतून जेवढं पाणी उडून जातं, तेवढं त्याच वेगानं वर चढवणं मुळांना जमत नाही. मग पानं सैल पडतात. तशी पडल्यामुळे त्यांच्यावर थेट येणारं ऊनही कमी होतं. ऊन उतरलं की हिशोब जुळतो आणि पानं सावरतात. आपण मात्र आधीच ओल्या असलेल्या मातीत रोज दुपारी भर घालत राहिलो, तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजायला लागतात. कुजलेल्या मुळांचं झाडसुद्धा मानच टाकतं. ते बघून आपण आणखी पाणी घालतो, आणि धडधाकट झाड आठ-दहा दिवसांत हातचं जातं.

म्हणून आधी मातीत बोट घाला, दुसऱ्या पेरापर्यंत. आत गारवा लागला तर झारी खाली ठेवा आणि ऊन कलल्यावर परत येऊन बघा. सूर्य मावळला तरी पानं लोंबलेलीच असतील आणि माती कोरडी असेल, तर झाडाला खरंच तहान लागली आहे. माती ओली असूनही मान वर येत नसेल, तर दुखणं मुळांत आहे. पाणी थांबवा आणि कुंडीच्या तळाची भोकं मोकळी आहेत का ते बघा.

या दिवसांत बागेत होणाऱ्या बहुतेक चुका अशाच घाईपोटी होतात. आणि याच दिवसांत नुसतं बघत बसण्यासारखं बागेत सगळ्यात जास्त असतं, हे मला कळायला बरेच उन्हाळे गेले.

पाणी घातलं, पण मुळाशी पोचलं का?

कुंडीत पाणी ओतलं आणि लगेच खालून बाहेर आलं, म्हणजे कुंडी भिजली असं नाही. पार वाळलेली माती आक्रसते आणि कडेनं फट पडते. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असेल तर ते एकदा वाळलं की पाणी आत घ्यायलाच तयार होत नाही. पाणी त्या फटीतून सरळ तळाला जातं आणि मधला मुळांचा गड्डा कोरडाच राहतो. अशी कुंडी उचलून बघा, रिकाम्या डब्यासारखी हलकी लागते.

टबमध्ये चार-सहा बोटं पाणी घेऊन कुंडी त्यात अर्धा तास ठेवायची. थोड्या वेळानं मातीतून बुडबुडे वर यायला लागतात. ते थांबले की माती भिजली असं समजा आणि कुंडी बाहेर काढा. ते बुडबुडे बघत बसायला मला फार आवडतं. वरची फिकट माती हळूहळू गडद होत जाते आणि ओल्या मातीचा वास येतो, सुकलेल्या बागेत तेवढ्यानंही जीव गार होतो.

एरवी रोज कपभर पाणी शिंपडण्यापेक्षा सकाळी एकदाच पोटभर द्या. वरवरच्या शिडकाव्यानं मुळं वरच्या दोन बोटांतच पसरतात, आणि तापतो तो नेमका तोच थर. नळी वापरत असाल तर उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी बादलीत काढून निवू द्या. हाताला चटका बसेल इतकं ते तापलेलं असतं. मातीवर वाळक्या पानांचं तीन-चार बोटं जाड आच्छादन घाला, फक्त खोडाला चिकटू देऊ नका. काळी प्लॅस्टिकची कुंडी ज्या बाजूनं ऊन खाते, त्या बाजूची मुळं भाजतात. ती दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवली तरी बराच फरक पडतो.

पानांवर राहिलेले थेंब भिंगासारखं काम करून पान जाळतात, असं आपण ऐकत आलो आहोत. हंगेरीतल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं आणि २०१० मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुळगुळीत पानांवरचे थेंब पान जाळत नाहीत. पानावर लव असेल आणि थेंब त्या लवेवर पानापासून उंच अडकून राहिला, तर डाग पडू शकतो. तेव्हा दुपारी पाणी द्यावं लागलं तर त्या धास्तीनं झाड तहानलेलं ठेवू नका.

फुलं येतात, फळ धरत नाही

टोमॅटोची फुलं गळायला लागली की हात खताच्या पुडीकडे जातो. तो आवरा. दिवसा पारा ३५ अंशांच्या वर गेला आणि रात्रीही हवा तापलेलीच राहिली, की टोमॅटोचे परागकण नीट काम करत नाहीत आणि फूल देठाच्या सांध्यातून सुटतं. अशा वेळी नत्राचं खत घातलं तर नुसता पाला वाढतो, शिवाय तापलेल्या मातीत क्षार साचून पानांच्या कडा करपतात. दुपारच्या उन्हाला आडोसा करा, ओल सांभाळा आणि थांबा. हवा उतरली की तेच झाड पुन्हा धरतं.

काकडी, भोपळा, दुधी यांची गोष्ट वेगळी. त्यांना सुरुवातीला बहुधा नर फुलंच येतात आणि ती गळतातच. मादी फूल ओळखायला सोपं आहे, त्याच्या मागे बोटाच्या पेराएवढं इवलंसं फळ आधीच असतं. ते पिवळं पडून गळत असेल, तर बहुतेक वेळा परागीकरण झालेलं नसतं. काकडी-भोपळ्याचं नर फूल सकाळी लवकर तोडा, पाकळ्या काढा आणि आतला दांडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं.

दुधीच्या बाबतीत एक चूक मी दोन वर्षं केली. रोज सकाळी जायचो आणि फुलं मलूल झालेली दिसायची. मला वाटायचं, ऊन लागतंय. मग एकदा दिवेलागणीला सहज वेलीपाशी गेलो, तर सगळी वेल पांढऱ्या फुलांनी उजळलेली. दुधीचं फूल उमलतंच मुळी ऊन उतरल्यावर, रात्रीच्या पतंगांसाठी. पाकळ्या पातळ, चुरगळलेल्या रेशमी कागदासारख्या. थोड्या वेळानं एक जाड अंगाचा पतंग आला, हवेतच थबकून त्यानं लांब सोंड फुलात घातली, आणि पंखांची घरघर मला हातभर अंतरावरून ऐकू आली. त्या दिवसापासून दुधीचं काम मी संध्याकाळीच करतो. दोडक्याचंही तसंच, त्याची पिवळी फुलं संध्याकाळी उघडतात.

किडा दिसला की मारायचा?

सगळ्यात मोठी चूक इथे होते, आणि सांगताना मला अजून वाईट वाटतं. एका उन्हाळ्यात जास्वंदीच्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण माजला होता. कापसाचे बोळे चिकटवावेत तसा. त्यांच्यातच काही मोठे, झुपकेदार पांढरे दोरे अंगावर असलेले किडे होते. मला वाटलं, हे तर पिठ्याचे बाप. एकेक शोधून मी ते सगळे चिरडले.

ते क्रिप्टोलेमस नावाच्या लेडीबर्ड भुंगेऱ्याचे डिंभ होते, म्हणजे त्याच्या अळ्या. त्या दिसतात हुबेहूब पिठ्यासारख्या आणि खातात पिठ्यालाच. या भुंगेऱ्याचं काम इतकं चोख आहे की १८९१ मध्ये कीटकतज्ज्ञ आल्बर्ट कोबेल यांनी तो ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात आणला, लिंबूवर्गीय बागांतल्या पिठ्यासाठी. ओळखायची खूण साधी आहे. पिठ्या जागचा हलत नाही, हलला तरी रेंगाळत. ही अळी त्याच्या दुप्पट-तिप्पट मोठी असते आणि काडीनं डिवचली की लगबगीनं चालायला लागते.

नेहमीच्या लेडीबर्डची अळीही अशीच हकनाक मारली जाते. काळपट, टोकदार, अंगावर नारिंगी ठिपके, चिमुकल्या मगरीसारखी. माव्याच्या रांगेत ती शिरली की एकेक मावा संपवत पुढे जाते. म्हणून अनोळखी किडा दिसला की आधी पाच मिनिटं बघा, तो पान खातोय की दुसऱ्या किड्याला.

गुलाबाच्या पानांच्या कडेला कात्रीनं कापल्यासारखे अर्धगोल दिसले तर तेही पानं कापणाऱ्या मधमाशीचं काम आहे. त्या तुकड्यांनी ती आपल्या पिल्लांची खोली मढवते. गुलाबाला काही होत नाही, फवारू नका.

खरोखर काळजी करण्यासारखा या दिवसांतला शत्रू म्हणजे लाल कोळी. पानावर बारीक फिकट ठिपके येतात, पान धुळकट आणि निस्तेज दिसतं, आणि आपण समजतो की पाणी कमी पडलं. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर पडलेले मिरीच्या पुडीसारखे कण चालायला लागले की कोळी आहे. त्याला कोरडी, गरम हवा मानवते आणि अशा हवेत त्याची नवी पिढी आठवडाभरात तयार होते. पानांच्या खालच्या बाजूला जोरात पाण्याचा फवारा, एक दिवसाआड, आठ-दहा दिवस. सरसकट मारणारं कीटकनाशक वापरू नका, कोळ्याला खाणारे जीव आधी मरतात आणि कोळी दुपटीनं येतो. कडुनिंबाचं तेल वापरायचं तर ऊन उतरल्यावरच, नाहीतर पानं करपतात.

फळाच्या तक्रारी

टोमॅटोचं बूड काळं पडून चामड्यासारखं झालं की अंड्याची टरफलं कुटून घालायचा सल्ला मिळतो. बूड काळं पडतं ते त्या जागी कॅल्शियम न पोचल्यामुळे हे खरं, पण मातीत तो बहुतेक वेळा असतोच. तो पाण्याबरोबर चढतो, आणि पाणी एक दिवस भरपूर नि दोन दिवस अजिबात नाही असं झालं की फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. टरफलं कुजायला कित्येक महिने लागतात. पाण्याची वेळ सांभाळा, पुढची फळं चांगली येतील.

टोमॅटो नारिंगीवर अडकून बसले असतील तर झाडाला दोष नाही. ३० अंशांच्या वर त्यातला लाल रंग नीट तयारच होत नाही. बुडाशी गुलाबी छटा आली की तोडा आणि घरात सावलीत ठेवा, लाल होतात. त्यांना ऊन लागावं म्हणून झाडाची पानं काढू नका. उघडी पडलेली फळं भाजतात आणि त्यांवर पांढरट, कागदी डाग पडतात.

काकडी, दुधी कापल्यावर आधी चिमूटभर तुकडा जिभेवर ठेवा. उष्णता आणि पाण्याचा ताण यांनी कुकुरबिटासिन हे कडू द्रव्य वाढतं. कडू लागलं तर थुंका आणि फळ टाकून द्या. शिजवून ते जात नाही, आणि कडू दुधीनं गंभीर विषबाधा होते.

वाया गेलेली झाडं उपटायची घाई

कोथिंबिरीला तुरा आला की लोक ती उपटून टाकतात. निदान एक वाफा तरी राहू द्या. त्या पांढऱ्या फुलांवर गांधीलमाशीसारखे पट्टे असलेल्या छोट्या माश्या येतात, हवेत एका जागी स्थिर राहतात आणि सर्रकन बाजूला सरकतात. त्यांच्यातल्या पुष्कळ जातींच्या अळ्या मावा खातात. पुढे हिरवे धणे धरतात. ते बोटांत चुरडून वास घेऊन बघा, पानांपेक्षा वेगळा, लिंबाच्या सालीकडे झुकणारा.

बी धरायचं तर सगळ्यात निरोगी झाडावरचं, पूर्ण पिकलेलं फळ ठेवा. काकडीचं बी खायच्या काकडीतून मिळत नाही, ती वेलीवरच पिवळी, जाडजूड होऊ द्यावी लागते. टोमॅटोच्या बियांभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखतो. बिया दोन-तीन दिवस थोड्या पाण्यात आंबवून, धुऊन सावलीत वाळवा. संकरित वाणाचं बी मात्र पुढच्या वर्षी आईसारखं निघेल याचा भरवसा नाही. भोपळा-दुधीच्या बाबतीत तर हातानं परागीकरण केलेलं फूल दोऱ्यानं बांधून ठेवलं असेल, तरच त्याचं बी जपा. मधमाश्या, पतंग शेजारच्या शोभेच्या किंवा रानटी वेलीचे पराग आणून टाकतात आणि त्यातून कडू फळ निघू शकतं.

वाळलेलं बी कागदाच्या पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये उरलीसुरली ओल कोंडते. पाकिटावर नाव आणि तारीख त्याच क्षणी लिहा. मिरचीचं आणि वांग्याचं बी शेजारी ठेवलं की दोन्ही सारखीच दिसतात, चपटी आणि फिकट पिवळी, आणि चार दिवसांनी कुठलं कुठलं ते आठवत नाही.