थव्यातली नक्षी: भिगवणच्या रोहितांचे फोटो

भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) दिसले की सगळे आधी झूम ताणतात. मी म्हणेन, लेन्स २०० मिमीवरच थांबवा आणि थव्यातली नक्षी शोधा. गुलाबी पायांच्या उभ्या रेघा, वाकलेल्या माना, खाली प्रतिबिंबं. एवढ्यावर चौकट भरते. आकाश कापा, पांढरट आकाश तसंही काही कामाचं नसतं.

आता ही नक्षी मोडणाऱ्याची वाट बघा. सगळ्यांची चोच पाण्यात असताना एकच मान वर येते, तेव्हा बटण दाबा. तो पक्षी मधोमध नको. डावीकडे बघत असेल तर उजव्या तृतीयांशात ठेवा, नजरेपुढे पाणी राहू द्या.

एकट्या पक्ष्यासाठी कॅमेरा पाण्यालगत धरतात. थव्याला ते चालत नाही, मागची रांग पुढच्यांच्या आड जाते. नावेत बसल्या जागी आपल्या डोळ्याच्या उंचीवर धरा. छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८, शटर १/१००० सेकंदाच्या आसपास. नाव डुलते, फोटो नंतर सरळ करावा लागतो, म्हणून कडेने जागा सोडा.

आणि नावाडी दादा ‘बास’ म्हणाले की बास. थवा कधी बिचकेल हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. मुद्दाम उडवून काढलेला फोटो मी तरी बघत नाही.