लॅपटॉपचा हिंज जाम झालाय? कुठलं ग्रीस लावायचं आणि कुठलं अजिबात नाही

लॅपटॉप उघडताना खालची बाजू एका हाताने दाबून धरावी लागतेय, स्क्रीनचा कोपरा वाकतोय असं वाटतंय आणि मधेच कर्रकन आवाज येतोय, तर आधी जोर लावणं थांबवा. हिंज, म्हणजे स्क्रीनला खालच्या भागाशी जोडणारी बिजागरी, धातूचा असतो, तो सहसा तुटत नाही, तुटतं त्याला धरून ठेवणारं प्लास्टिक. बहुतेक प्लास्टिक बॉडीच्या लॅपटॉपमध्ये आत प्लास्टिकच्या खुंट्या असतात, त्यात पितळेचे बारीक नट बसवलेले असतात आणि हिंजचे स्क्रू त्या नटात जातात. हिंज कडक झाला की सगळा ताण त्या नटांवर. माझ्या जुन्या लॅपटॉपचे दोन नट असेच प्लास्टिकसकट उखडून आले होते, आणि त्याआधी तीन-चार महिने डाव्या कोपऱ्यात केसाएवढी फट दिसत होती ती मी बघून सोडून दिली होती. म्हणून तुमच्याकडे अशी फट दिसत असेल तर ग्रीसच्या भानगडीत पडण्याआधी ते प्लास्टिक दुरुस्त करून घ्या.

आता मुद्द्याची गोष्ट. दाराची बिजागरी जितकी मोकळी तितकी चांगली, पण लॅपटॉपच्या हिंजला थोडं घट्ट राहावंच लागतं, नाहीतर स्क्रीन हव्या त्या कोनात थांबणारच नाही. बऱ्याच हिंजमध्ये एका दांड्यावर वॉशर एकाला एक चिकटून बसवलेले असतात आणि टोकाचा नट त्यांना दाबून धरतो. या वॉशरमध्ये कंपनीतूनच जाड ग्रीस भरलेलं असतं, ते वर्षानुवर्षांनी सुकतं, त्यात धूळ बसते, कधी गंज चढतो, मग धातूवर धातू घासायला लागतो. म्हणजे आपल्याला हवंय असं ग्रीस जे जागेवर टिकेल, दाबाखाली बाहेर पळणार नाही आणि प्लास्टिकला खाणार नाही.

माझी पहिली पसंती पीटीएफई म्हणजे टेफ्लॉन असलेलं सिंथेटिक ग्रीस, आणि ट्यूबवर 'प्लास्टिकसाठी सुरक्षित' असं लिहिलेलं बघूनच घ्या. डॅम्पिंग ग्रीस मिळालं तर तेही छान, ते मुद्दाम चिकट बनवलेलं असतं त्यामुळे हालचाल एकदम मऊ होते आणि पकडही राहते. पांढरं लिथियम ग्रीस चालेल, पण ट्यूबमधलं, कारण स्प्रेमध्ये सॉल्व्हंट (ग्रीस पातळ करणारं द्रावण) असतो आणि फवारा उडून कुठेही जातो. सिलिकॉन ग्रीस प्लास्टिकला सांभाळून घेतं, पण जिथे धातू धातूवर दाबाने घासतो तिथे ते कमी पडतं.

डब्ल्यूडी-४० लावू का, हा प्रश्न हमखास येतो. त्या नावाचाच अर्थ पाणी हटवणारा, चाळीसाव्या प्रयत्नात जमलेला फॉर्म्युला. नेहमीचा डबा गंज सोडवायला चांगला आहे, पण तो उरलंसुरलं जुनं ग्रीस पातळ करतो, स्वतःचा पातळ थर तेवढा मागे ठेवतो आणि वाहत स्क्रीनच्या कडेपर्यंत जाऊ शकतो. शिलाई मशीनचं तेलही असंच पातळ. घरातलं खायचं तेल तर नकोच, काही महिन्यांत त्याचा चिकट गोंद होतो. आणि ग्रॅफाइट पावडर अजिबात नाही, ती वीज वाहून नेते आणि खाली मदरबोर्ड आहे!

लावायचं कसं? लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला. मागचं कव्हर उघडताना स्क्रू ज्या जागेचे त्या जागेप्रमाणे कागदावर मांडून ठेवा, त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर वरचं प्लास्टिक फोडतो. मग सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. हिंजच्या शेजारूनच स्क्रीनची केबल आणि वायफायच्या बारीक वायरी जातात, त्या बाजूला करा. आता हिंजचे खालच्या बाजूचे स्क्रू काढून एकेक हिंज हळू फिरवून बघा, बऱ्याचदा एकच जाम असतो. कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून जुनी काळी घाण पुसा, कानकाडी स्वच्छ यायला लागेपर्यंत, आणि पूर्ण वाळू द्या.

मग टूथपिकच्या टोकावर मोहरीच्या दाण्याएवढं ग्रीस घ्या, वॉशरच्या फटींवर टेकवा आणि हिंज या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवा. फिरवताना ग्रीस आत ओढलं जातं, जे बाहेर येईल ते लगेच पुसून टाका. गरज वाटली तर अजून एक दाणा, त्याहून जास्त नको.

एवढं करूनही कडकच असेल तर टोकाच्या नटवर मार्करने खूण करा आणि एक अष्टमांश फेरा सैल करून बघा, परत बघा, दोन्ही हिंज हाताला सारखे लागले पाहिजेत, नाहीतर स्क्रीनला पीळ बसतो. काही हिंजला नटच नसतो, दांड्याभोवती पत्रा गुंडाळलेला असतो, तिथे दोन्ही टोकांना ग्रीस लावून फरक नाही पडला तर सरळ नवीन हिंज घ्या. सगळं परत बसवल्यावर स्क्रीन अर्धी उघडून हात सोडा. जागेवर थांबली तर जमलं, हळूहळू खाली यायला लागली तर नट पुन्हा थोडा आवळा.